खळ, घोटाई आणि मार्करची शाई

बऱ्याच घरांत 2020 साली आणलेल्या पातळ सॅनिटायझरची एखादी बाटली अजून कपाटाच्या कोपऱ्यात उभी असते. तिच्यातला एक थेंब आणि नळाच्या पाण्याचा एक थेंब वहीच्या एकाच पानावर शेजारी शेजारी टाकून पाहावेत. पाण्याचा थेंब काही वेळ फुगीर राहतो, आपली कड सांभाळतो. लगेच टिपून घेतला तर खालचे पान जेमतेम ओले झालेले असते. सॅनिटायझरचा थेंब मात्र टेकतो न टेकतो तोच चपटा होतो, डाग भराभर मोठा होत जातो आणि पान उलटले तर ओल पलीकडे पोहोचलेली दिसते. कागद तोच, थेंबही तेवढाच.

सॅनिटायझर म्हणजे मुख्यतः अल्कोहोल. चित्रकलेच्या अल्कोहोल मार्करचे सारे गणित या दोन थेंबांत आहे.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर आता हे मार्कर सहज दिसतात. जाडसर दांडी, दोन्हीकडे टोपण. एका बाजूला छिन्नीसारखे रुंद टोक, दुसऱ्या बाजूला बारीक किंवा ब्रशसारखे लवचीक. चोवीस, अठ्ठेचाळीस, साठ रंगांचे संच काळ्या पिशवीत उभे रचून मिळतात. मुलगा किंवा मुलगी महिनोन् महिने हट्ट धरते, वाढदिवसाला संच येतो, आणि पहिले चित्र काढले जाते ते घरात असलेल्या शाळेच्या ड्रॉइंगच्या वहीत. नाकाची रेघ ओलांडून त्वचेचा रंग गालाबाहेर जातो. केसांच्या कडेला बारीक मिशा फुटतात. दोन छटा एकमेकींत विरघळण्याऐवजी पट्ट्यापट्ट्यांनी उभ्या राहतात. मागचे पान आणि त्याच्या मागचेही पान डागाळते. घरातून निकाल लागतो की मार्कर हलके निघाले. संच ड्रॉवरमध्ये जातो.

बहुतेक वेळा मार्कर हलके नसतात. त्यांना चुकीच्या कागदावर बसवलेले असते.

आपल्याकडे लहानपणापासून हाताला सवय असते ती स्केचपेनची. स्केचपेनची शाई पाण्यात कालवलेली असते. अल्कोहोल मार्करमध्ये रंगद्रव्य इथेनॉल किंवा प्रोपेनॉलसारख्या अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असते. दिसायला दोन्ही पेनेच, पण कागदाशी त्यांचे वागणे वेगळे. पाण्याला स्वतःचे थेंब घट्ट बांधून ठेवण्याची ओढ फार. तिला पृष्ठताण म्हणतात. खोलीच्या तापमानाला पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन भरतो, इथेनॉलचा सुमारे 22. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. ज्या द्रवाचा ताण इतका सैल, तो समोर येईल त्या पृष्ठभागावर पसरतो आणि मिळेल त्या फटीत शिरतो.

आणि कागद म्हणजे फटींचेच जाळे. लाकडाचा, बांबूचा किंवा कापसाचा लगदा पाण्यात पसरून, गाळून, दाबून, सुकवून केलेली तंतूंची चटई. ती तशीच ठेवली तर टीपकागद होतो. तिच्यावर लिहिता यावे म्हणून तिला काहीतरी पाजावे लागते किंवा तिच्यावर काहीतरी चढवावे लागते. यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे: खळ. विणकर ताण्याला लावतात ती खळ, पुस्तकबांधणीवाले वापरतात ती खळ, आणि कागद करणारेही खळच लावत आले.

जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागझीपुरा ही एके काळी हातकागदाची नावाजलेली ठिकाणे होती. तिथले कागदी लोक सुकलेल्या कागदाला पिठाची खळ लावत आणि मग गुळगुळीत दगडाने तो घोटत. खळीने छिद्रे बुजत, घोटाईने तंतू दबून पृष्ठभाग काचेसारखा होई. अशा कागदावर बोरू अडखळत नसे आणि मोडीची वळणदार ओळ फुटत नसे. पेशवे दफ्तरातले जुने कागद पाहिले तर तो घोटलेला गुळगुळीतपणा आजही बोटाला जाणवतो.

आजची गिरणीही तीच दोन कामे करते, साधने तेवढी बदलली. 1807 साली जर्मनीत मोरित्झ फ्रीडरिश इलिग यांनी लगद्यातच राळ आणि तुरटी मिसळून खळ देण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे राळेची जागा बऱ्याच अंशी कृत्रिम रसायनांनी घेतली, वरून स्टार्चचा हात देणे चालू राहिले, आणि घोटण्याचा दगड जाऊन लोखंडी रुळांच्या चळती आल्या.

अडचण अशी की ही दोनशे वर्षांची सगळी विद्या पाण्याला रोखण्यासाठी घडली आहे. लेखणीची शाई पाण्याची, जलरंग पाण्याचे, छापखान्यातली दमट हवाही पाण्याचीच. खळ तंतूंना पाण्याचा तिटकारा आणते. अल्कोहोलला तिचा फारसा अडसर नसतो. ते खळीला बाजूला सारून थेट फटींत उतरते. म्हणून पाण्याच्या बाबतीत उत्तम ठरलेला, महागडा, नावाजलेला कागदही मार्करपुढे टीपकागदासारखा वागू शकतो. दुकानात 'चांगला ड्रॉइंग पेपर द्या' एवढेच सांगून भागत नाही ते यामुळे.

पहिला गैरसमज जाडीचा. मागे उमटू नये म्हणून लोक जाड कागद मागतात. कागदाचे वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो ते. ए-0 आकाराचा कागद एक चौरस मीटरचा आणि त्याचा सोळावा भाग म्हणजे ए-4. तेव्हा 80 जीएसएमच्या झेरॉक्स कागदाचे एक पान नेमके पाच ग्रॅम भरते. पण या आकड्यातून कागद किती आहे एवढेच कळते, कसा आहे ते कळत नाही. टीपकागद जाड असतो आणि तरी घटाघटा पितो. उलट, खास मार्करसाठी केलेल्या पॅडमधला कागद कितीतरी पातळ असतो. कॅन्सनचा नेहमीचा मार्कर पॅड 70 जीएसएमचा आहे, विन्सर अँड न्यूटनचा ब्लीडप्रूफ पॅड 75 जीएसएमचा. शाळेच्या ड्रॉइंगच्या वहीचा कागद याहून बराच जाड असतो, आणि मार्करपुढे हरतो तो जाडच.

इतका पातळ कागद मार्करला चालतो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. पाणी कागदात शिरले की तंतू फुगतात, त्यांची एकमेकांवरची पकड सैल होते आणि कागद लाटांसारखा वर-खाली होतो. जलरंगाच्या कागदाला 300 जीएसएमची जाडी लागते ती याच फुगण्याला पुरून उरण्यासाठी. अल्कोहोलने तंतू जवळपास फुगतच नाहीत. शाई येते, रंग सोडते, उडून जाते. कागद सपाटच राहतो. जलरंग करणाऱ्याला जाडीचे जे पैसे मोजावे लागतात, त्यातले निम्मे मार्करवाल्याने मोजण्याचे कारण नाही.

दुसरा गैरसमज अधिक खोल आहे, आणि तो निवळला की कागद निवडणे एकदम सोपे होते. मार्करची शाई दोन दिशांनी जाते. एक आडवी, कागदाच्या अंगात. तिला आपण शाई फुटणे म्हणतो. दुसरी खाली, पानाच्या पाठीकडे. ती मागे उमटते. लोकांना भीती वाटते ती मागे उमटण्याची, कारण ती पान उलटताच दिसते. चित्राची नासाडी मात्र फुटण्याने होते. मागे डाग पडला तरी समोरचा चेहरा शाबूत असतो. शाई आडवी फुटली तर ओठ हनुवटीवर येतात. अनुभवी चित्रकार मागे उमटणारी शाई जवळपास दुर्लक्षितात. पानाखाली एक जाड कार्ड किंवा प्लास्टिकची शीट सरकवली, वहीत पाठपोट काढण्याचा मोह सोडला, की तो प्रश्न मिटतो. किंबहुना दोन छटा नीट मिसळायच्या तर कागद थोडा तरी भिजावा लागतो, आणि भिजला की थोडे मागे दिसणारच. 'मागे अजिबात न उमटणारा कागद' शोधत फिरणारा माणूस अनेकदा मिसळ न होणारा कागद घेऊन घरी येतो.

या पेनांचा जन्मच एका कागदाशी जोडलेला आहे. 1980च्या दशकात जाहिरात आणि वस्तुरचनेच्या स्टुडिओंमध्ये झेरॉक्स यंत्र रुळले होते. मूळ रेखाचित्र एकदाच काढायचे, त्याच्या प्रती काढायच्या आणि प्रत्येक प्रतीवर वेगळी रंगसंगती करून पाहायची, अशी कामाची पद्धत. पण त्या काळातल्या अनेक मार्करमधली झायलीनसारखी उग्र वासाची द्रावके झेरॉक्सचा टोनरच विरघळवून टाकत. काळी रेघ रंगात मिसळून चिखल होई. टोकियोतल्या, आज टू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने 1987 साली टोनर न विरघळवणारे अल्कोहोल मार्कर आणले. कॉपीवर रंगवता येते म्हणून नाव ठेवले कोपिक. पुढे जपानी मांगा चित्रकारांनी ते मुखपृष्ठांसाठी उचलले आणि कोपिकच्या स्केच मालिकेत आज 358 रंग आहेत.

म्हणजे अल्कोहोल मार्करचा पहिला कागद साधा झेरॉक्सचा. तो आजही सरावासाठी उत्तम आहे, हे निःसंकोच सांगायला हवे. गल्लीच्या कोपऱ्यावर मिळतो, लेझर प्रिंटवर किंवा झेरॉक्सवर रंगवता येते, चुकले तर हळहळ वाटत नाही. त्यातही 70 किंवा 75 जीएसएमऐवजी 100 जीएसएमचा, रंगीत लेझर छपाईसाठी केलेला गुळगुळीत कागद घेतला तर फरक लगेच दिसतो, कारण टोनर सफाईने बसावा म्हणून तो अधिक दाबून घोटलेला असतो. कड जास्त नेटकी येते, शाई कमी फुटते. मिसळ मात्र दोन-तीन थरांपलीकडे जात नाही. पातळ कागद तोवर तुडुंब भरतो, आणि मग शाई जाईल तिकडे जाते.

थर आणि मिसळ हेच या माध्यमाचे खरे वैभव असल्यामुळे इथे थोडे थांबायला हवे. अ‍ॅक्रिलिक रंग वाळला की वाळला. मार्करचा रंग वाळल्यावरही नव्या अल्कोहोलने पुन्हा विरघळतो. म्हणून फिकट छटा लावून, कडेला गडद देऊन, पुन्हा फिकट छटेने दोहोंची सीमा पुसता येते. हापूस आंब्याचा देठाकडचा तांबूसपणा पिवळ्यात उतरत जावा, तसा उतार काढता येतो. संचातले बिनरंगी 'ब्लेंडर' म्हणजे रंग नसलेले द्रावकच; ते रंग खोडत नाही, ढकलते. पण ढकलता येण्यासाठी रंग वरच्या पदरात असायला हवा. खळ सैल, फटी मोठ्या, अशा कागदात पहिलाच थर खोल जाऊन बसतो. वरून कितीही अल्कोहोल फिरवले तरी तो हलत नाही. कागदाच्या बारीक नळ्यांतून द्रव कसा चढतो याचा एक नियम आहे: दुप्पट अंतर जायला चौपट वेळ लागतो, आणि नळी जितकी अरुंद तितकी गती मंद. घोटून घट्ट केलेल्या कागदात फटी अरुंद होतात. शाई वर रेंगाळते आणि चित्रकाराला मिसळायला चार-सहा सेकंद जास्त मिळतात. त्या चार-सहा सेकंदांसाठीच चांगल्या कागदाचे पैसे असतात.

हे ध्यानात ठेवले की दुकानातल्या ढिगातून वाट काढणे जमते.

पूर्ण करून जपायच्या चित्रासाठी आपल्याकडे सर्वांत सहज मिळणारा चांगला कागद म्हणजे आयव्हरी शीट. आर्किटेक्चरच्या आणि कमर्शियल आर्टच्या विद्यार्थ्यांना तो परिचयाचा आहे: दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, भरीव, किंचित दुधाळ पांढरा. 200 ते 300 जीएसएममधली शीट घेऊन ए-4 आकारात कापून घेतली तर पॅडच्या मानाने खर्च बराच कमी येतो. शाई पुरेशी मुरते पण उगाच पसरत नाही, चार-पाच थर झेलते. फक्त प्रत्येक गिरणीची आयव्हरी सारखी नसते, म्हणून आधी एकच शीट आणून पाहावी. डझन घेऊ नये.

त्याच वळणाचा पण अधिक भरवशाचा म्हणजे ब्रिस्टल. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरावरून नाव पडलेला हा कागद मुळात दोन किंवा अधिक पदर चिकटवून केलेला. स्ट्रॅथमोरच्या 300 मालिकेतला ब्रिस्टल 270 जीएसएमचा आहे आणि तो 'स्मूद' व 'व्हेलम' अशा दोन प्रकारांत येतो. रंगीत पेन्सिल किंवा ग्रॅफाइट वापरणाऱ्याला किंचित दाणेदार व्हेलम आवडतो. मार्करसाठी स्मूद मागावा. दुकानदार दोन्ही एकाच गठ्ठ्यात ठेवतात, त्यामुळे पॅडवरचे बारीक अक्षर वाचून घ्यावे. याच कामासाठी 250 जीएसएमचे एक्स-प्रेस इट ब्लेंडिंग कार्डही आहे. ते खास मिसळीसाठी केलेले आणि चांगले आहे, पण आपल्याकडे दर वेळी हाताशी लागेलच असे नाही.

ब्लीडप्रूफ पॅडचे गुण वेगळे. या पातळ कागदाला शाई रोखणारा लेप असतो, त्यामुळे ती वरच राहते. रंग झळझळीत दिसतो, कड सुरीने कापल्यासारखी येते आणि पेनातली शाई कमी खर्ची पडते. कागद अर्धपारदर्शक असल्याने खाली पेन्सिलचे कच्चे चित्र ठेवून वर सरळ पक्के काढता येते. म्हणूनच मोटारींची, बुटांची, खुर्च्यांची झटपट रेखाचित्रे काढणाऱ्या डिझायनरना तो प्रिय. पण वरच राहिलेल्या शाईला जागा थोडी. दोन-तीन थरांनंतर ती तरंगू लागते, घसरते, डबकी धरते. ज्याला मऊ उताराचे चेहरे रंगवायचे आहेत त्याला हा पॅड निराश करील. ज्याला स्वच्छ सपाट रंगभरण हवे त्याला आनंद देईल. काही पॅडमध्ये लेप एकाच बाजूला असतो. कोपऱ्यात एक ठिपका देऊन पाठ आणि पोट ओळखून घेतले की पुढची पाने वाया जात नाहीत.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांमुळे महाराष्ट्रात घराघरांत पोचलेला कार्ट्रिज कागद इथे कामाचा नाही. पेन्सिलीला धरायला त्याला खरखरीत अंग दिलेले असते. त्या खरखरीवर मार्करचे ब्रशटोक घासून घासून दोरे सुटल्यासारखे विसकटते, आणि शाई फुटते ती वेगळीच. जलरंगाचा दाणेदार कागद त्याहून महाग आणि त्याहून नुकसानीचा: कापसाच्या 300 जीएसएमच्या पानाला एक आकाश रंगवताना पेन कोरडे पडू शकते. जलरंगाचाच 'हॉट प्रेस' कागद गुळगुळीत असतो, त्यावर काम होते, पण शाई तो बरीच पितो. पेन आणि जलरंग एकाच चित्रात वापरायचे असतील तरच तो घ्यावा. हातकागदाचेही तसेच. पाने सुंदर असतात, पण मार्करच्या शाईला ती थोपवू शकत नाहीत.

दुसऱ्या टोकाला आहे मासिकांच्या मुखपृष्ठांचा चकचकीत आर्ट पेपर. त्यावर मातीचा लेप दिलेला असतो. शाई आत शिरत नाही, सरकते, हात लागला की पुसते. मार्करच्या रेघांसाठी तो टाळावा. युपो हा पॉलिप्रॉपिलीनचा जपानी कागद तर खऱ्या अर्थाने कागदच नाही, त्यात तंतूच नाहीत. बाटलीतली अल्कोहोल शाई ओतून, फुंकर मारून, वाहू देऊन जी अमूर्त चित्रे करतात त्यांच्यासाठी तो चांगला, कारण तिथे शाईने वाहावे हीच इच्छा असते. आर्किटेक्टांच्या टेबलावरच्या ट्रेसिंग किंवा गेटवे शीटवर मार्कर फिका, धुकट दिसतो, आणि ते धुके नकाशातल्या झाडांना आणि हिरवळीला शोभते. जुने लोक रेघा समोरून मारतात आणि रंग मागच्या बाजूने भरतात. त्यामुळे रेघ कधीच ओली होत नाही.

कागदाचा रंगही पाहावा लागतो. मार्करची शाई पारदर्शक आहे, तिच्यात पांढरा नाही. चित्रातला सर्वांत उजळ भाग म्हणजे कोरा कागदच. पिवळट कागदावर निळा हिरवटतो, फिकट गुलाबी मातकट होतो. तपकिरी क्राफ्ट कागदावर फिकट छटा दिसेनाशाच होतात. तिथे गडद रंगांवर भर द्यावा आणि चमक शेवटी पांढऱ्या जेलपेनाने टेकवावी.

रेघेची शाई कागदाइतकीच महत्त्वाची. बॉलपेन आणि सीडीवर लिहायचे परमनंट मार्कर अल्कोहोलमध्ये विरघळतात. त्यांनी काढलेल्या रेघेवर रंग गेला की राखाडी ओघळ आलाच. रंगकण पाण्यात मिसळून केलेली पिगमेंट शाई विरघळत नाही. साकुरा या जपानी कंपनीने 1982 साली पिग्मा नावाने ती आणली आणि आज बहुतेक बारीक टोकांची 'फाइनलायनर' पेने त्याच तत्त्वावर चालतात. तीही पूर्ण वाळू द्यावी लागतात, आणि घोटलेल्या कागदावर वाळायला थोडा जास्त वेळ घेतात.

हवामानाचा मुद्दा परदेशी पॅडवरच्या सूचनांत सापडत नाही. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात उघडा राहिलेला पॅड हवेतली ओल ओढून घेतो. कागद लुळा पडतो, कडा वळतात, फटींत पाणी आधीच भरलेले असते आणि शाई अनपेक्षित ठिकाणी पसरते. पॅड प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवला, हवे तेवढेच पान बाहेर काढले, तर हा त्रास टळतो. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की उलट घडते: अल्कोहोल टोकापासून कागदापर्यंत येता येताच उडू लागते, मिसळीचे ते चार-सहा सेकंद दोनावर येतात, पट्टे उमटतात. अशा वेळी छताचा पंखा बंद करून पहाटे किंवा रात्री काम करणारे चित्रकार योग्यच करतात. मोठा भाग एकदम न रंगवता हाताएवढे तुकडे घ्यावेत, आणि शेजारचा तुकडा आधीचा ओला असतानाच सुरू करावा.

कोणताही नवा कागद पाच मिनिटांत ओळखता येतो. पिगमेंट पेनाने एक इंचाचा चौकोन काढावा आणि वाळू द्यावा. मध्यम गडद रंगाने तो बरोबर रेघेपर्यंत भरावा. बाहेर मिशा आल्या तर कागद फुटणारा आहे. बाजूला टोक टेकवून मनात तीन आकडे मोजावेत आणि डाग किती वाढतो ते पाहावे. चांगल्या कागदावर तो वाढतो पण गोल आणि स्वच्छ कडेचा राहतो, वाईटावर करवतीसारखा होतो. मग एकाच कुळातल्या दोन छटा शेजारी लावून फिकटीने त्यांची सीमा पुसायचा प्रयत्न करावा. त्यावरच आणखी तीन थर द्यावेत आणि बोट फिरवून पाहावे: तंतू सुटून गोळ्या होत असतील तर कागद थर झेलणारा नाही. शेवटी दहा मिनिटे थांबावे, कारण ओला रंग गडद दिसतो आणि वाळला की उजळतो; संचाच्या टोपणांवरचे रंग पाहून केलेला अंदाज इथे नेहमी चुकतो. त्याच पानावर आपल्याकडच्या प्रत्येक मार्करचा एकेक ठिपका द्यावा, क्रमांक लिहावा, आणि पानाच्या पाठीवर कागदाचे नाव, वजन व दुकान नोंदवावे. अशी चार-पाच पाने जमली की दुकानदाराशी बोलायला शब्द लागत नाहीत, पान दाखवले की पुरते.

एक खर्च मात्र वाचवता येतो. 'आर्काइव्हल', 'शंभर टक्के कॉटन' अशा शब्दांसाठी जादा पैसे मोजणाऱ्यांना वाटते की चित्र शंभर वर्षे टिकेल. आम्लरहित कागद पिवळा पडायला वेळ घेतो हे खरे. पण मार्करमध्ये बहुतेक रंगकण नसतात, विरघळलेली रंगद्रव्ये असतात, आणि ती उजेडात विटतात. कागद पांढरा राहील, रंग आधी जाईल. म्हणून छपाईसाठी काम करणारे चित्रकार चित्र पूर्ण होताच ते स्कॅन करतात आणि मूळ पान फाइलीत घालून अंधाऱ्या खणात ठेवतात. भिंतीवर लावतात ती स्कॅनवरून काढलेली प्रत. आणि त्या प्रतीवर, टोनरची असेल तर, पुन्हा मार्करने वेगळी रंगसंगती करून पाहता येते.